टनामागे कमी, एकूण जास्त

उणे १.४ टक्के. अधिक ५.९ टक्के.

पहिला आकडा २००९चा, दुसरा २०१०चा. कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंटसाठी चुनखडी भाजून जगभरातून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो जागतिक मंदीच्या वर्षी १.४ टक्क्यांनी घटला आणि मंदी ओसरताच पुढच्याच वर्षी ५.९ टक्क्यांनी वाढला. गुणाकार करून पाहा. २०१० संपताना जग २००८च्या तुलनेत जवळपास साडेचार टक्के वर होतं.

दहा वर्षांनी हेच पुन्हा घडलं, मोठ्या प्रमाणात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२० साली ऊर्जेतून होणारं उत्सर्जन ५.८ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे २०० कोटी टनांनी घसरलं. दुसऱ्या महायुद्धानंतरची ही सर्वांत मोठी घसरण. २०२१ मध्ये ते ६ टक्क्यांनी वाढून ३,६३० कोटी टनांवर गेलं. टनांत मोजली तर एका वर्षातली ही आजवरची सर्वांत मोठी वाढ होती. खरं तर २०२० संपायच्या आतच कल दिसू लागला होता. २०२०चा एकटा डिसेंबर घेतला, तर तो २०१९च्या डिसेंबरपेक्षा २ टक्क्यांनी वर होता.

दोन्ही वेळा घट झाली ती व्यवहार थंडावले, कारखान्यांना कुलपं लागली म्हणून. आतली यंत्रं जुनीच राहिली. कुलूप निघालं, तीच भट्टी पेटली, तोच धूर निघाला. भर म्हणून सावरण्याच्या काळात सरकारं पैसा ओततात, तो अनेकदा काँक्रीट आणि पोलादात जातो. चीनने नोव्हेंबर २००८ मध्ये ४ लाख कोटी युआनचं पॅकेज जाहीर केलं. त्या वर्षी सुमारे १४० कोटी टन असलेलं तिथलं सिमेंट उत्पादन २०१० मध्ये १८८ कोटी टनांच्या आसपास पोहोचलं. कोविडनंतर जगभरच्या सरकारांनी मिळून १६ लाख कोटी डॉलरची मदत जाहीर केली. २०२१च्या मध्यापर्यंत त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या वाट्याला आले ३८,००० कोटी डॉलर, म्हणजे शंभरातले दोन.

सरकारी पैशावर भरपूर लिहिलं जातं. मला कंपन्यांच्या वहीबद्दल बोलायचं आहे. मंदीतून वर येताना कंपनी कोणता आकडा मोजते आणि वार्षिक अहवालात कोणता छापते, याला फार महत्त्व आहे. नवी भट्टी, नवा बॉयलर, नवी लाइन याच दोन-तीन वर्षांत घेतली जाते आणि एकदा बसली की वीस-पंचवीस वर्षं हलत नाही.

भारताचं उदाहरण घेऊ, आणि त्यातही सिमेंटचं, कारण त्याची आकडेवारी दर महिन्याला येते. २०२०-२१ मध्ये देशाचं सकल उत्पादन ५.८ टक्क्यांनी आकसलं, २०२१-२२ मध्ये ९.७ टक्क्यांनी वाढलं. सिमेंटचं उत्पादन आधी १०.८ टक्क्यांनी घटलं, मग २०.८ टक्क्यांनी वाढलं, त्याच्या पुढच्या वर्षी ८.७ आणि त्यानंतर ८.९ टक्क्यांनी. २०१९-२०चं उत्पादन १०० धरलं तर मालिका अशी दिसते: १००, ८९, १०८, ११७, १२८. खड्डा एका वर्षाचा आणि नंतर चढणच चढण.

आता टनामागचं उत्सर्जन पाहू. भारतीय सिमेंट उद्योगाची या बाबतीतली कामगिरी चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. १९९६ मध्ये एक टन सिमेंटमागे १.१२ टन कार्बन डायऑक्साइड निघत होता, २०१० मध्ये ०.७१९ टन. चौदा वर्षांत ३६ टक्के घट, दरसाल साधारण ३ टक्के. राख आणि पोलाद कारखान्यांतली मळी मिसळलेलं सिमेंट वाढलं, भट्ट्या कोरड्या पद्धतीच्या झाल्या, त्याचं हे फळ. पण सोपी फळं तोडून झाली होती. २०१० ते २०१७ या सात वर्षांत थेट उत्सर्जन टनामागे ६२० किलोवरून ५८८ किलोवर आलं. म्हणजे दरसाल एक टक्काही नाही. याचं कारण रसायनात आहे. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा इंधनातून येतच नाही, तो चुनखडीच्या दगडातूनच सुटतो. दगड भाजला की तो सुटणारच, मग खाली कोळसा जाळा नाहीतर दुसरं काही.

आता दोन्ही आकडे एकत्र ठेवा. समजा उद्योगाने दरसाल टनामागे पूर्ण एक टक्का बचत केली. चार वर्षांत टनामागे ४ टक्के घट. एकूण उत्सर्जन मात्र १०० वरून १२२ च्या पुढे. ते १०० वर रोखायचं असतं तर टनामागे साडेएकवीस टक्के, म्हणजे दरसाल जवळजवळ ६ टक्के कपात लागली असती. उद्योगाच्या सर्वांत चांगल्या काळातल्या वेगाच्या दुप्पट. आणि तरीही, चार टक्के कपात केलेली कंपनी आपल्या अहवालात ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ असं लिहील आणि त्यातला एकही शब्द खोटा नसेल.

ही सुधारणाही नेहमी कमावलेली असते असं नाही, हे मला एका भट्टीपाशी उभं राहून कळलं.

२०२१ संपत आलं होतं. कोल्हापूरजवळ शिरोलीला एका फाउंड्रीत गेलो होतो. ट्रॅक्टरच्या आणि ट्रकच्या सुट्या भागांचं ओतकाम. दुपारची पाळी, इंडक्शन भट्टीचं तोंड उघडं, आत लोखंडाचा पिवळा-पांढरा रस. पाच-सहा हातांवर उभं राहिलं तरी चेहरा भाजत होता. वर क्रेनला लाडल लटकलेली, पण खाली साचे तयार नव्हते, म्हणून रस तसाच गरम ठेवून सगळे थांबलेले. साच्यांची वाट पाहण्यात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मीटर फिरतच होता आणि आमच्या चेहऱ्यांना लागणारी धग त्याच विजेची होती.

भट्टीला झाकण का नाही, असं मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, “कोटेशन दोन वर्षांपासून टेबलावर हाय. मंदीत पैसा नव्हता, आता टाइम न्हाई. आठ दिवस भट्टी बंद ठेवली तर ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाईल ओ.”

आर्थिक उभारीच्या काळातल्या पर्यावरण व्यवस्थापनाची अडचण एवढ्या नेमकेपणाने मला कोणत्याही अहवालात वाचायला मिळालेली नाही. पैसा आणि सवड एकाच वेळी हाताशी असण्याचा काळ फार थोडा असतो.

मग त्यांनी कौतुकाने सांगितलं की टनामागे युनिट कमी झालेत. कमी झाले होते हे खरंच. ते का झाले ते समजायला त्यांच्या बिलाऐवजी गोल आकडे घेऊ, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर राहील. भट्टी गरम ठेवायला, पंप, कॉम्प्रेसर, दिवे यांना महिन्याला ३०,००० युनिट लागतात, माल निघो न निघो. वर प्रत्येक टन वितळवायला ५८० युनिट. मंदीत महिन्याला २०० टन माल निघाला तर एकूण १,४६,००० युनिट, टनामागे ७३०. उभारीत ५०० टन निघाला तर एकूण ३,२०,००० युनिट, टनामागे ६४०. टनामागे १२ टक्के घट, आणि त्यासाठी कुणी एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. ग्रिडच्या विजेमागे दर युनिटला साधारण ०.७१५ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. तो धरला तर महिन्याचं उत्सर्जन १०४ टनांवरून २२९ टनांवर गेलं.

ठोक खर्च जास्त टनांत वाटला गेला, एवढंच झालं. देशभर हेच होत होतं. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे कारखान्यांचा क्षमतावापर २०२०-२१च्या पहिल्या तिमाहीत ४७.३ टक्के होता, २०२१-२२च्या शेवटच्या तिमाहीत ७५.३ टक्के. अर्धी रिकामी भट्टी भरली की टनामागचा आकडा आपोआप सुधारतो. म्हणून कोणत्याही कंपनीच्या अहवालात २०२०-२१ हे आधारवर्ष दिसलं की मी तिथेच थांबतो आणि २०१८-१९चा आकडा शोधतो. मंदीच्या वर्षाशी तुलना केली तर ज्याने काहीच केलं नाही तोही पुढे गेल्यासारखा दिसतो.

टनाऐवजी रुपयामागे उत्सर्जन मोजलं तर याहून मोठा घोटाळा होतो.

सेबीने १० मे २०२१ रोजी परिपत्रक काढून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांसाठी बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय-जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल, आणला. २०२१-२२ ला ऐच्छिक, २०२२-२३ पासून सक्तीचा. वीज, पाणी, उत्सर्जन, कचरा हे सगळं आकड्यांत सांगायला लावणारा हा आपल्याकडचा पहिला गंभीर नमुना. मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं आणि आजही करतो. त्यात एकूण टन द्यावे लागतात, शिवाय दर रुपया उलाढालीमागे उत्सर्जन द्यावं लागतं. कंपन्यांच्या चकचकीत पानांवर बहुतेक वेळा दुसरा आकडा झळकतो.

तो आकडा उभारीत काय करतो ते पाहा. २०२०च्या उन्हाळ्यात पोलादाची हॉट रोल्ड कॉइल टनाला ४० हजारांच्या आत होती, २०२१च्या मध्यात ६५ हजारांच्या वर गेली. एक काल्पनिक कारखाना घ्या. वर्षाला एक लाख टन पोलाद, टनामागे अडीच टन कार्बन डायऑक्साइड (भारतीय पोलादाची सरासरी साधारण एवढीच आहे). भाव ४० हजार, तर उलाढाल ४०० कोटी, उत्सर्जन अडीच लाख टन, दर कोटीमागे ६२५ टन. पुढच्या वर्षी उत्पादन १० टक्क्यांनी वाढलं, भाव ६५ हजार झाला. उलाढाल ७१५ कोटी, उत्सर्जन पावणेतीन लाख टन, दर कोटीमागे ३८५ टन. रुपयामागचं उत्सर्जन ३८ टक्क्यांनी घटलं. हवेत गेलेलं १० टक्क्यांनी वाढलं. भट्टी तीच, कोळसा तोच, बदलला फक्त बाजारभाव.

भाव उतरले की हाच आकडा उलटा फिरतो आणि ज्या कंपनीने खरोखर मेहनत घेतली तिच्यावर अन्याय करतो. म्हणजे रुपयामागचा आकडा दोन्ही बाजूंनी कुचकामी. जुलै २०२३ मध्ये सेबीने ‘बीआरएसआर कोअर’ आणून उत्पादनाच्या प्रमाणातही उत्सर्जन द्यायला सांगितलं आणि पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरुवात करून त्रयस्थ तपासणीची वाट धरली, हे बरं केलं. पुरवठादारांच्या माहितीचा भाग मात्र २०२५ मध्ये ऐच्छिक केला गेला. वरची शिरोलीची भट्टी नेमकी त्या भागात येते.

आकड्यांच्या या गर्दीत एक गोष्ट टनांत मोजता येत नाही, आणि मला ती सर्वांत जास्त सलते. कुलूप काढण्याचा दिवस हा कारखान्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो. विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यात लॉकडाउनमध्ये टाकीत स्टायरिन पडून होतं. प्लॅस्टिकसाठी लागणारं हे द्रव थंड ठेवावं लागतं आणि आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात रोधक रसायन टिकवावं लागतं. ७ मे २०२०च्या पहाटे, कारखाना पुन्हा सुरू करायची तयारी चाललेली असताना, टाकीतून वाफ सुटली आणि शेजारच्या आर. आर. वेंकटापुरममध्ये झोपेतल्या माणसांवर पसरली. १२ माणसं गेली, शेकडो रुग्णालयात. चौकशी समितीने पुढे जे लिहिलं ते वाचताना पोटात कालवतं. टाकीच्या वरच्या थराचं तापमान दाखवणारं मापक नव्हतं. रोधक रसायन पुरेसं नव्हतं. थंड ठेवणारी यंत्रणा चोवीस तास चालवली जात नव्हती. धोक्याचा भोंगा वाजवला गेला नाही. कारखान्याकडे वैध पर्यावरण मंजुरीही नव्हती. यातली एकही गोष्ट खर्चाच्या मानाने मोठी नाही. पण मंदीत खर्चाला कात्री लागते तेव्हा ती अशाच ओळींवरून आधी फिरते, कारण त्या ओळी कमी केल्याने लगेच काहीच बिघडत नाही.

असा खर्च पुढे ढकलायला नियमही शिकवतात. तारखांची ही एक मालिका पाहा. ७ डिसेंबर २०१५ला केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली. धूर चुनखडीच्या पाण्याने धुऊन गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा त्यासाठी लागते. मुदत होती डिसेंबर २०१७. ती गेली २०२२ वर. १ एप्रिल २०२१ रोजी, ऐन उभारीच्या सुरुवातीला, केंद्रांचे तीन गट पडले आणि मुदती २०२२, २०२३, २०२४ झाल्या. मुदत चुकली तर दंड युनिटला ५ ते २० पैसे, तोही गटानुसार कमी-जास्त. सप्टेंबर २०२२ मध्ये २०२४, २०२५, २०२६. डिसेंबर २०२४ मध्ये २०२७, २०२८, २०२९. आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना या सक्तीतून वगळण्यात आलं, ११ टक्क्यांच्या बाबतीत एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असं झालं.

भारतीय कोळशात गंधक कमी आहे, खर्च मोठा आहे, फायदा तुलनेने थोडा आहे, असे मुद्दे सरकारच्या बाजूने मांडले गेले. त्यांवर वैज्ञानिकांनी वाद घालावा. माझा मुद्दा व्यवस्थापनाचा आहे. दहा वर्षांत इतक्या वेळा मुदत सरकली तर त्यातून कंपन्यांनी काय शिकावं? ज्यांनी पहिल्या तारखेवर विश्वास ठेवून कर्ज काढलं, यंत्रणा बसवली, त्यांची वीज महाग झाली. जे थांबले ते वाचले. उभारीच्या वर्षी वित्तप्रमुखासमोर जेव्हा पुढचा पर्यावरणखर्च येईल, तेव्हा त्याला ही मालिका आठवणारच.

याच महाराष्ट्रात उलटं उदाहरणही आहे. डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र. भोवती चिकूच्या वाड्या, वारली पाडे, समुद्र. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. प्राधिकरणाने एफजीडीचा आग्रह धरला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही. २००७ मध्ये तिथे यंत्रणा चालू झाली, देशात त्याबद्दलचा नियम यायच्या आठ वर्षं आधी. मधल्या काळात केंद्राची मालकी बदलली, बाजार वर-खाली झाला, पण आग्रह धरणारी माणसं तिथेच होती आणि तारीख त्यांनी हलू दिली नाही.

अलीकडच्या काळात एक मोठी हालचाल झाली आहे. जून २०२३ मध्ये देशांतर्गत कार्बन बाजाराची योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २८२ कारखान्यांना उत्सर्जनाची लक्ष्यं दिली गेली: सिमेंटचे १८६, कागदाचे ५३, क्लोर-अल्कलीचे ३०, ॲल्युमिनियमचे १३. लक्ष्यं टनामागची आहेत. एकूण किती, यावर मर्यादा नाही. वाढत्या देशात टनामागे मोजणं मला गैर वाटत नाही, घरं आणि पूल तर बांधायचेच आहेत. शिवाय आधारवर्ष २०२३-२४ धरलं आहे, मंदीचं नाही, ही त्यातली नजरेत भरणारी चांगली गोष्ट. आणि युरोपीय संघाची कार्बन-सीमाकराची यंत्रणा १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झाल्यावर पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट पाठवणाऱ्याला रुपयामागचा आकडा चालणार नाही. एका टन मालामागे किती टन, एवढंच तिथे विचारतात.

लहान उद्योगांना याहून जवळची एक वाट जून २०२२ मध्ये उघडली. हरित वीज थेट प्रकल्पाकडून घ्यायची असेल तर आधी किमान एक मेगावॉटची मागणी लागत असे. ती मर्यादा १०० किलोवॉटवर आली. म्हणजे फाउंड्रीसारख्या शेडलाही सौरवीज विकत घेता येते, छतावर जागा नसली तरी. टनामागे युनिट तेवढेच राहिले, तरी युनिटमागचं उत्सर्जन उतरतं. उत्पादन वाढत असताना एकूण आकडा खाली आणण्याचे मार्ग फार नाहीत. हा त्यांतला एक आहे, आणि त्यासाठी भट्टी एक तासही बंद ठेवावी लागत नाही.

शिरोलीच्या मालकांचा पुढच्या वर्षी फोन आला. दिवाळीत कामगार गावाला जातात, भट्टी तशीही थंड होते, त्या चार दिवसांत झाकण बसवून घेतलं होतं. मी गेलो तेव्हा ते झाकण हायड्रॉलिकवर वर-खाली होत होतं आणि मागच्या वेळी जिथे उभं राहवत नव्हतं तिथे एक पोरगा निवांत उभा राहून भंगार मोजत होता. पण मला जास्त आवडला तो भट्टीच्या पॅनेलशेजारचा फळा. पाळी संपली की खडूने तीन आकडे लिहायचे: टन, युनिट, टनामागे युनिट. पूर्वी फक्त शेवटचा लिहीत असत. आता उजवीकडे एक चौथा रकाना आखला होता, महिन्याच्या एकूण युनिटांचा, आणि त्याच्यावर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा लाल खडूने लिहून ठेवला होता.

“हा कुणी सांगितला?” मी विचारलं.

“कुणी न्हाई. बिल एकूण युनिटाचं येतंय की.”